माल परत

मोबाइल टोमॅटोच्या क्रेटमध्ये टाका, असं वामनतात्या मंदिराच्या पायरीवर उभे राहून येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होते. क्रेट त्यांच्याच मळ्यातला होता. फोन आत पडला की ते वरून गोणपाट सारायचे, जशी काही फोनला थंडी वाजणार होती. शेजारच्या तालुक्यात कुणीतरी असल्याच कार्यक्रमाचं चित्रण केलं, ते गावोगाव फिरलं आणि तिथली निवडणूकच रद्द झाली, असं कानावर आलं होतं. म्हणून आमच्या चिंचटेकात दोन नियम ठरले. फोन क्रेटमध्ये टाकायचा, आणि लिलाव हा शब्द तोंडातून काढायचा नाही. देणगीचा कार्यक्रम म्हणायचं.

कार्यक्रम सरपंचपदाचा होता. त्या साली सरपंच थेट लोकांतून निवडायचा होता आणि पद बाईसाठी राखीव होतं. तात्यांनी काढलेली तोड अशी, की भैरोबाला जो जास्त देणगी बोलेल त्याच्या घरच्या बाईचा एकटीचा अर्ज राहील. दुसऱ्या कुणी अर्ज भरायचा नाही. म्हणजे निवडणूक बिनविरोध, आणि त्या पैशातून देवळापुढचा सभामंडप पुरा. मंडपाचे खांब तोवर उभे राहिले होते. पैसे संपल्यामुळे वर स्लॅब नव्हता, नुसत्या गंजलेल्या सळया होत्या, आणि त्यांच्यावर कावळे बसायचे.

तात्या देवस्थानाचे अध्यक्ष होते आणि माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो. मागच्या निवडणुकीत दोन सख्ख्या भावांनी एकमेकांची डोकी फोडली होती. पंधरा दिवस गावात दारूचा पूर होता. ते सगळं तात्यांनी पाहिलं होतं. पैसा उधळला जाणारच आहे, तर तो ढाब्यावाल्याच्या घशात जाण्यापेक्षा देवाच्या पायाशी जाऊ दे, असं ते म्हणायचे. गाव करी ते राव न करी, हे त्यांचं आवडतं वाक्य. मलाही त्यात तेव्हा काही खोट दिसली नव्हती. खरं सांगायचं तर मी शोधलीही नव्हती.

बोली पुकारायला मी होतो. दुसरं कोण असणार? तालुक्याच्या बाजार आवारात मी उभी हयात कांद्याचे लिलाव पुकारण्यात घालवली. ट्रॅक्टरांच्या रांगा लागतात, व्यापाऱ्यांचा घोळका एकेका गाडीपाशी थांबतो, मूठभर कांदा उचलून बघतात, आणि मी ओरडत राहतो. माझा आवाज कर्ण्याशिवाय आवाराच्या फाटकापर्यंत जायचा. घरी मात्र मी हळू बोलतो. मथुरा, माझी बायको, म्हणायची की सगळा आवाज बाजारात विकून येता, घरी पिशवी रिकामी.

मी ज्यांच्या अडतीवर कामाला होतो ते दौलतशेठ देवरे आमच्याच गावचे. तेच त्या दिवशी बोली लावणार होते, त्यांच्या बायकोच्या, मंदाताईंच्या नावानं. गावाच्या पूर्वेला डांबरी रस्त्याला लागून गायरान आहे. तिथं दौलतशेठला कांदा साठवायची मोठी गोदामं उभी करायची होती, आणि पंचायतीच्या ठरावाशिवाय त्यांचा कागद पुढे सरकत नव्हता. हे गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. त्या गायरानावर अर्ध्या गावातल्या बायकांच्या शेळ्या चरायच्या, हेही माहीत होतं. पण सभामंडप सगळ्यांचा आणि शेळ्या फक्त बायकांच्या, असा तो हिशोब होता.

मथुरा बचत गटाची अध्यक्ष होती. गायरान राखावं म्हणून ती ग्रामसभेत तीनदा बोलली होती आणि तिन्ही वेळा विषय पुढच्या सभेवर गेला होता. पद बाईसाठी राखीव झाल्यावर गटातल्या बायकांनी तिलाच उभं करायचं ठरवलं. तालुक्याला जाऊन दाखले आणले. मग तात्यांचं देणगीचं निघालं, आणि दाखले ट्रंकेत साड्यांच्या खाली गेले. मी तिला एवढंच म्हणालो होतो की ज्यांचं मीठ खातो त्यांच्याशी वाकडं कशाला. ती काही बोलली नाही. रागावली की ती भांडी आपटते. त्या दिवशी भांडीसुद्धा गप्प होती, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटली.

कार्यक्रमाच्या सकाळी मी इस्त्रीचा सदरा घातला. तिनं नेहमीसारखी भाकरी-भाजी वाढली. तू येऊ नकोस वाटलं तर, असं मी म्हणालो. ती म्हणाली, पद बायकांचं आहे, बायका नकोत का बघायला? मग खुंटीवरची पिशवी घेऊन माझ्या आधीच निघाली.

खांबांच्या मधल्या मोकळ्या जागेत सतरंज्या टाकल्या होत्या. एका बाजूला गडी, एका बाजूला बायका. पुढच्या दोन खुर्च्यांवर बोली लावणारे बसले होते. एका खुर्चीत दौलतशेठ, पांढरा शर्ट, पायात चपला नाहीत, कारण देवाचं काम. दुसरीत संपत निकम. त्याच्याकडे माती उपसायची यंत्रं होती आणि तो त्याच्या आईच्या नावानं आला होता. ती म्हातारी आलीच नव्हती. तिला ऐकू येत नाही, येऊन काय करणार, असं संपत म्हणाला. मंदाताई मात्र बायकांच्या सगळ्यात पुढे नवीन साडीत बसल्या होत्या. मांडीवर नारळाचं ताट होतं. त्या पूर्ण वेळ त्या नारळाकडे बघत होत्या.

मी पायरीवर चढलो. तात्यांनी देवाला हात जोडले, सगळ्यांनी जोडले, आणि मी सुरुवात केली.

बोली लाखांत होती. आकडे सांगत नाही. आज ऐकले तर लोक हसतील, एवढ्यात हल्ली साधं सदस्यपदही जात नाही. संपत जोरात होता. दौलतशेठ मात्र बाजारात वागतात तसेच वागत होते. बोली वाढवताना बोलायचे नाहीत, फक्त करंगळी उचलायचे, आणि ती करंगळी मला गर्दीत लांबूनही दिसायची, इतकी माझ्या डोळ्यांना तिची सवय होती. मला मजा येत होती, हे खोटं कशाला बोलू. लोक आकडा वाढला की टाळ्या वाजवत होते. मंडपाचा स्लॅब झाला, आता फरशी झाली, आता कळस झाला, असं पोरं ओरडत होती. मी सगळ्यांना ताणत होतो, थांबत होतो, पुन्हा ताणत होतो. हे काम मला येतं.

मग संपत थांबला. त्यानं मान खाली घातली आणि रुमाल काढून कपाळ पुसलं. मी एक वार म्हणालो. दोन वार म्हणालो. संपतकडे बघितलं, तो हलला नाही. तीन वार म्हणालो. तात्यांनी गुलालाच्या ताटलीत हात घातला.

आता बाजाराची रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. व्यापाऱ्यांची बोली संपली, तीन वार झाले, तरी सौदा होत नाही. पुकारणाऱ्यानं गाडीच्या मालकाकडे वळून विचारायचं असतं, द्यायचा का? तो हो म्हणाला तर सौद्याची चिठ्ठी फाडायची. नाही म्हणाला तर 'माल परत' म्हणून पुढच्या गाडीकडे जायचं. नाही म्हणणारे मी फार थोडे पाहिले. भाडं भरून आणलेली गाडी घरी परत नेऊन करणार काय? माणूस आकडा ऐकतो, गाडीकडे बघतो आणि मान हलवतो. पण विचारायचं, ही रीत आहे. मी ते इतक्या वेळा विचारलंय की विचारताना मी मालकाच्या तोंडाकडे बघणंही सोडलं होतं.

तर तीन वार झाले, आणि माझी मान आपोआप वळली. सतरंजीवर बसलेल्या गावाकडे वळली. आणि माझ्या तोंडातून गेलं,

"काय, द्यायचा का?"

आधी कुणालाच काही कळलं नाही. मग गड्यांमधून कुणीतरी म्हणालं, निवृत्तीभाऊ, ही कांद्याची गाडी नाही. सगळे हसले. मीही हसलो, आणि कानापर्यंत लाल झालो. दौलतशेठसुद्धा हसले. तात्यांनी गुलालाची मूठ भरली.

"नाही द्यायचा."

आवाज बायकांच्या बाजूनं आला. मोठा नव्हता. मला बघायची गरज नव्हती, तो आवाज मी रोज ऐकतो. मथुरा उठून उभीही राहिली नव्हती. मांडीवर पिशवी घेऊन बसली होती तशीच बसली होती.

तात्या म्हणाले, "वहिनी, मस्करीची वेळ नाही ही."

"मी मस्करी नाही करत. त्यांनी विचारलं, मी सांगितलं."

दौलतशेठ खुर्चीत वळले. अजून हसत होते. मालक अडून बसला की ते असेच हसतात, बाजारात मी पाहिलं आहे. "भाव कमी वाटतो का वहिनी? किती पाहिजे बोला. देवाचं काम आहे, वाढवू."

"भावाचं नाही," मथुरा म्हणाली. "गाडी घरी नेते."

हे शब्द आमच्या बाजारातले. ते तिला कुठून माहीत, हा प्रश्न मला आत्ता पडतो. मीच कधीतरी जेवताना सांगितले असतील. कुणी एखादा म्हातारा भाव ऐकून 'गाडी घरी नेतो' म्हणाला आणि खरंच घेऊन गेला, असल्या गोष्टी मी तिला हसत सांगायचो.

मग गलका झाला. गडी म्हणू लागले की एका बाईच्या नाही म्हणण्यानं काय होतं, सगळं गाव हो म्हणतंय. कुणी म्हणालं, हिला स्वतःला सरपंच व्हायचंय, ट्रंकेत दाखले आहेत हिच्या. गटातल्या बायका सतरंजीच्या दोऱ्या ओढत बसल्या होत्या. तात्यांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि ते माझ्याकडे वळले. त्यांना वाटलं, नवरा आहे, आवरेल. ते म्हणाले, "निवृत्ती, तूच सांग. तुझ्याच तोंडानं घोळ झाला. बाजारात काय करतात? माल सामाईक असला, चार भावांचा, आणि तिघं हो म्हणाले, एक नाही म्हणाला, तर काय करता तुम्ही?"

प्रश्न सरळ होता. उत्तर मला येत होतं, दौलतशेठला येत होतं, आणि गावातल्या ज्या ज्या माणसानं कधी कांदा बाजारात नेला त्या सगळ्यांना येत होतं. सामाईक मालात एक भाऊ नाही म्हणाला तर चिठ्ठी फाटत नाही. फाडली तर दुसऱ्या दिवशी भांडण अडतीच्या दारात येतं.

मी दौलतशेठकडे बघितलं. त्यांचं हसू गेलं नव्हतं, पण डोळे माझ्यावर होते. मला घरभाडं नव्हतं, कर्ज नव्हतं, पण त्या अडतीबाहेर मला कुणी चहाही विचारला नसता, हे मला पक्कं ठाऊक होतं. मथुरेकडे बघायची मला हिंमत झाली नाही. मी वर बघितलं, खांबांच्या सळयांकडे. आणि बाजारात म्हणतो त्याच सुरात, त्याच आवाजात म्हणालो,

"माल परत."

धीर म्हणून म्हणालो की सवय म्हणून, हे मला आजही सांगता येत नाही. लोकांनी दोन्ही धरलं. काहींनी मला शूर ठरवलं, काहींनी बायकोच्या ताटाखालचं मांजर.

त्यानंतरही तात्यांनी रेटून नेलं असतं. पण संपत निकम खुर्चीतून उठला. हरलेली बोली परत जिंकायची वाट त्याला दिसली होती. मथुराकाकूंचा अर्ज येणार असेल तर माझ्याही आईचा येईल, असं तो म्हणाला आणि क्रेटमधून फोन काढून चालू लागला. मग दुसरे उठले. बिनविरोध मोडलं. तात्या हातात गुलाल घेऊन उभे होते. शेवटी त्यांनी तो भैरोबाच्या पायावर टाकला आणि हात झटकले.

दौलतशेठ सगळ्यात शेवटी उठले. क्रेटमधून फोन उचलला, शर्टाला पुसला आणि माझ्याजवळ येऊन माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी शिव्या ऐकायची तयारी केली होती.

"ठोकात नाही जमलं निवृत्ती," ते म्हणाले, "तर किरकोळीत घेऊ. काही वेळा किरकोळीत स्वस्तच पडतं."

त्यांनी मला कामावरून काढलं नाही. काढलं असतं तर बरं झालं असतं, असं पुढे कितीदा वाटलं. मी दुसऱ्या दिवशी नेहमीप्रमाणे बाजारात उभा राहिलो आणि त्यांच्या करंगळीकडे बघत ओरडत राहिलो.

नाही म्हटल्यावर मथुरेला उभं राहावंच लागलं. मंदाताईंसमोर तिच्याशिवाय कुणी उरलं नव्हतं, कारण संपतनं आईचा अर्ज मागे घेतला. गोदामांसाठी जमीन सपाट करायचं काम त्याला मिळणार आहे, हे तेव्हा कुणी बोललं नाही, नंतर सगळ्यांनी पाहिलं. मथुरा आणि गटातल्या चार-पाच जणी दारोदार फिरल्या. गायरान, शेळ्या, प्यायचं पाणी, असं बोलत फिरल्या. लोक चहा करायचे, ऐकून घ्यायचे, खरं आहे खरं आहे म्हणायचे.

त्यांच्या मागून दौलतशेठची माणसं फिरायची. घराघरात कुकर गेला, मतामागे पाकीट गेलं. गंमत सांगतो, आमच्या घरीही आलं. घेऊन येणारा माणूस अडतीवरचाच, माझ्याबरोबर जेवणारा. खाली मान घालून म्हणाला, भाऊ, यादीत नावं आहेत तुमची, वगळायचं नाही असं शेठनी सांगितलंय. मथुरेनं त्याला चहा दिला, त्याच्या पोराच्या शाळेची चौकशी केली, आणि कुकर त्याच्या गाडीला परत अडकवून दिला. तो गेल्यावर ती बराच वेळ ओट्यावर बसून होती. तिथून समोरच्या घरातल्या कुकरची शिट्टी ऐकू येत होती. नवा असावा, कारण त्या घरात आधी कुकर नव्हता.

ती पडली. थोडक्यात पडली असती तरी काही म्हणता आलं असतं. चांगली सपाटून पडली. निकालानंतर आठवडाभर बायका एकेकट्या, मागच्या दारानं येत राहिल्या. प्रत्येकीचं एकच म्हणणं, घेतलं त्यांचं, पण मत तुलाच दिलं बरं का. मथुरा प्रत्येकीला हो म्हणायची, पाणी द्यायची. येऊन सांगणाऱ्या सगळ्यांनी खरंच दिलं असतं तर ती दोनदा निवडून आली असती.

गायरानावर गोदामं उभी राहिली. शेळ्या विकल्या गेल्या, आमच्याकडे एकच राहिली, तीही दावणीला. हंगामात गटातल्या बायका त्याच गोदामात कांदा निवडायला जाऊ लागल्या. रोजगार मिळतो, सावली असते, वाईट काय आहे? मंदाताई सरपंच झाल्या आणि पाच वर्षांत मी त्यांचा आवाज ऐकला नाही. ठराव दौलतशेठ वाचायचे, त्या सही करायच्या.

आणि सभामंडप राहिला तो राहिलाच. किरकोळीत घेतल्यावर देवाला काही सुटलं नाही. त्या उघड्या खांबांना पोरं 'मथुराकाकूचा मंडप' म्हणू लागली. पावसात कीर्तन बुडालं की मथुराकाकूमुळे, लग्न उन्हात लागलं की मथुराकाकूमुळे. गावाला चांगला स्लॅब मिळत होता आणि सरपंच व्हायच्या हौसेपायी हिनं तो घालवला, हे सगळ्यांचं ठरून गेलं. मीही मनातून तेच धरून होतो. हौस वाईट नव्हती, तिचा हक्क होता, पण हौस होती, असं मला वाटायचं. तिनं कधी कुणाला उत्तर दिलं नाही. मीही कधी विचारलं नाही. दमलो होतो. संध्याकाळी घरी यायचो तेव्हा घशात एक शब्द शिल्लक नसायचा.

पाच वर्षं गेली. पुढच्या खेपेला पद खुलं झालं आणि तात्यांनी पुन्हा देणगीचा कार्यक्रम ठेवला. तेच खांब, त्याच सतरंज्या, तोच क्रेट. तात्या थकले होते. आधार धरून पायरी चढले. या वेळी मला बोलावलं नव्हतं. दुसऱ्या आवारातून एक तरुण पुकारणारा भाड्यानं आणला होता. मी गड्यांत मागे बसलो. मथुरा बायकांत बसली, मागच्या खेपेच्याच जागी. तात्या माझ्याजवळून जाताना वाकून हळूच म्हणाले, राग धरू नको निवृत्ती, त्याला बजावून ठेवलंय, शेवटी काही विचारायचं नाही.

पोरगा चांगला होता. आवाज मोकळा होता. दौलतशेठनी या वेळी स्वतःच्याच नावानं करंगळी उचलली. समोर बोली लावायला कुणी फार वेळ टिकलं नाही. एक वार झालं, दोन वार झालं, तीन वार झालं. पोराची मान वळायला लागली, मला स्पष्ट दिसली, आमच्या धंद्यातली मान ती. मग त्याला आठवलं. त्यानं तोंड मिटलं आणि पायाकडे बघत उभा राहिला.

त्या वेळी एक गोष्ट झाली. सगळ्या बायकांनी मथुरेकडे बघितलं. गड्यांनीही बघितलं. दौलतशेठनी बघितलं. कुणी काही बोललं नाही, मथुराही बोलली नाही. तात्यांनी घाईघाईनं गुलाल उधळला, अर्धा त्यांच्याच अंगावर पडला, आणि ताशा वाजायला लागला.

आम्ही दोघं घरी निघालो. गोदामांच्या भिंतीला लागून वाट जाते, तिथं आल्यावर ती म्हणाली, "विचारलं नाही त्यानं."

"बजावून ठेवलं होतं त्याला," मी म्हणालो. "तात्यांनीच सांगितलं मला."

ती चालत राहिली. मला काय झालं कोण जाणे, पाच वर्षं पोटात होतं ते बाहेर आलं. मी विचारलं, "तुला खरंच व्हायचं होतं का सरपंच?"

"छे." ती थांबलीसुद्धा नाही. "दाखले त्या बायकांनी काढायला लावले. मला रात्री झोप येत नव्हती, कसं निभायचं म्हणून. तात्यांनी देणगीचं काढलं तेव्हा मी मनात म्हणाले, सुटले बाई."

मी वाटेतच उभा राहिलो. "मग नाही का म्हणालीस?"

आता ती वळली. माझ्याकडे बघितलं ते असं, की एवढी साधी गोष्ट या माणसाला कळू नये.

"तुम्ही विचारलं म्हणून."

"अगं, ते तोंडातून गेलं. सवयीनं गेलं ते."

"ठाऊक आहे मला. माझ्यासाठी विचारलं असं मला कधीच वाटलं नाही." तिनं पदर खांद्यावर ओढला. "पण सवयीनं का होईना, विचारलं. लग्न ठरलं तेव्हा नाही विचारलं कुणी. गायरानाचं तीनदा मी विचारलं, मला कुणी नाही विचारलं. कुकर आणला त्यानंही नाही विचारलं, यादीत नाव आहे म्हणाला. एकदा कुणीतरी सगळ्यांसमोर विचारलं, द्यायचा का. मग खोटं कसं बोलायचं?"

भिंतीच्या पलीकडे कांद्याचा वास येत होता. आत दिवे लागले होते आणि बायका निवडत बसल्या होत्या. त्यांच्या बोलण्याचा आवाज येत होता. मला फार थकल्यासारखं वाटलं आणि फार लाज वाटली, पण लाज कशाची ते मला नीट सांगता आलं नसतं.

घराशी पोचल्यावर तिनं पुन्हा विचारलं, "खरंच बजावून ठेवलं होतं त्या पोराला? विचारू नको म्हणून?"

"हो. मुद्दाम."

ती हसली. पाच वर्षांत मी तिला असं हसताना बघितलं नव्हतं.

"म्हणजे भितात अजून," ती म्हणाली, आणि शेळीला पाला टाकायला गोठ्याकडे वळली.